थंड पाण्यात मोठा सिलिंडर: किती मोठा आणि कशासाठी?

तारकर्लीला स्कूबा शिकले तेव्हा सिलिंडर निवडायचा असतो हेच मला माहीत नव्हतं. बोटीवर ओळीने उभे असत, त्यातला एक पाठीवर चढे. अ‍ॅल्युमिनियमचा, ११.१ लिटरचा, २०७ बार दाबाचा. उष्ण समुद्रांत जगभर बहुतेक ठिकाणी हाच भाड्याने मिळतो. पाणी सत्तावीस-अठ्ठावीस अंश, खोली आठ-दहा मीटर, अंगात पातळ सूट. पाऊण तासाने वर यायचं, तेही प्रशिक्षकाने खूण केली म्हणून. हवा शिल्लकच असायची.

मग इंग्लंडात आले आणि लेस्टरशायरमधल्या स्टोनी कोव्हला गेले. ही जुनी ग्रॅनाइटची खाण. १९५८ मध्ये काम थांबलं आणि खाण पाण्याने भरली. आज तिथे साधारण ३५ मीटरपर्यंत उतरता येतं आणि इंग्लंडातले कितीतरी डायव्हर पहिल्यांदा थंडीने कुडकुडतात ते इथेच. हिवाळ्यात पाणी चार-पाच अंशांवर येतं. पहिल्या बुडीत बावीस मिनिटांनी माझ्या दाबमापकाचा काटा ६० बारवर आला होता. तीच मी, तसेच श्वास, असं मला वाटत होतं. पण श्वास तसे नव्हते.

वर आल्यावर क्लबातल्या सगळ्यांचा एकच सल्ला: "पंधरा लिटरचा घे." मी घेतला, वर्षभर वापरला आणि विकला. त्या वर्षात जे कळलं ते आधी कळलं असतं तर कंबर आणि पैसे दोन्ही वाचले असते, म्हणून हा लेख. तुम्ही भारतात किंवा दुसऱ्या एखाद्या उबदार समुद्रात शिकलेले असाल आणि आता ब्रिटन, आयर्लंड, नॉर्वे, कॅनडा अशा ठिकाणी डायव्हिंग सुरू करणार असाल, तर तो तुमच्यासाठी आहे. सिलिंडरची मापं मी युरोपीय पद्धतीने, म्हणजे लिटर आणि बारमध्ये दिली आहेत.

आधी स्वतःचा श्वास मोजा

दुकानात जाण्याआधी हे करा. सिलिंडरवर '१२ लिटर' लिहिलेलं असतं त्याचा अर्थ एवढाच की त्यात पाणी भरलं तर १२ लिटर मावेल. हवा मात्र दाबून भरलेली असते. २०० बारला भरलेल्या १२ लिटरच्या सिलिंडरमधली हवा बाहेर काढली तर ती सुमारे २,४०० लिटर होते. ती किती वेळ पुरेल हे दोन गोष्टींवर ठरतं: मिनिटाला तुम्ही किती ओढता आणि किती खोल आहात. १० मीटरवर दाब २ बार असतो, २० मीटरवर ३, ३० मीटरवर ४. तोच श्वास २० मीटरवर तिप्पट हवा खातो.

मोजायचं असं. १० मीटरवर थांबा, काटा बघा, दहा मिनिटं सावकाश पोहा, पुन्हा काटा बघा. समजा १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये ३४ बार खर्च झाले. ३४ गुणिले १२ म्हणजे ४०८ लिटर. भागिले दहा मिनिटं, भागिले २ बार, म्हणजे मिनिटाला साधारण २० लिटर. हा तुमचा आकडा.

हा प्रयोग थंड पाण्यात, ड्रायसूट (आत पाणी न शिरणारा, हवा भरायचा सूट) घालून, जाड हातमोज्यांसह करा. मालवणातला आकडा इथे उपयोगाचा नाही. माझा तिथे १५ होता, इथे २० निघाला, पहिल्या महिन्यात तर त्याहून जास्त. पाणी अंगातली उष्णता हवेच्या कित्येक पट वेगाने ओढून घेतं. त्यात सूट फुगीर, त्यामुळे पाणी कापायला जोर जास्त लागतो. शिवाय सिलिंडरमधली कोरडी, गार हवा दर श्वासाला छातीतून ऊब घेऊन जाते. आणि नवखेपणाची धास्ती असतेच. ड्रायसूट फुगवायला लागणारी हवाही बहुतेक वेळा त्याच सिलिंडरमधून जाते, पण ती फार नसते.

उन्हाळ्यापर्यंत तुमचा आकडा आपोआप दोन-तीन लिटरने उतरेल. म्हणून घाईने सिलिंडर विकत घेऊ नका. पहिल्या दहा-पंधरा बुड्या भाड्याच्या सिलिंडरवर करा, वेगवेगळी मापं मागून घ्या.

मग राखीव हवा काढा

बहुतेक नवखे विचारतात, "मोठ्या सिलिंडरने किती मिनिटं वाढतील?" मी आता उलटा प्रश्न विचारते: खाली जोडीदाराची हवा अचानक गेली तर आम्ही दोघं एका सिलिंडरवर वर येऊ शकतो का? मोठा सिलिंडर खरं तर याच प्रश्नासाठी घ्यायचा असतो.

२० मीटरचं उदाहरण घ्या. घाबरलेला माणूस मिनिटाला ३० लिटर ओढतो असं धरा, दोघांचे ६०. गोंधळ आवरायला एक मिनिट: ६० गुणिले ३ बार, म्हणजे १८० लिटर. वर यायला दोन मिनिटं, सरासरी दाब २ बार: २४० लिटर. पाच मीटरवर तीन मिनिटांचा थांबा: २७० लिटर. एकूण ६९० लिटर. हीच हवा ११.१ लिटरच्या अ‍ॅल्युमिनियममध्ये ६२ बार होते, १२ लिटरमध्ये ५८ आणि १५ लिटरमध्ये ४६. म्हणजे 'पन्नास बारला पृष्ठभागावर' हा मालवणात पाठ केलेला नियम इथे छोट्या सिलिंडरला पुरत नाही. वर चढायला सुरुवातच साठला करावी लागते. ३० मीटरवर हाच हिशेब ९६० लिटरवर जातो: १२ लिटरला ८० बार, १५ लिटरला ६४.

आता उरलेल्या हवेवर वेळ काढू. मिनिटाला २० लिटर, २० मीटर खोली, म्हणजे मिनिटाला ६० लिटर. भरताना गरम झालेला सिलिंडर पाण्यात निवतो आणि काटा खाली येतो, तेव्हा २३२ बारच्या स्टीलच्या सिलिंडरची सुरुवात २२० ने धरू. अ‍ॅल्युमिनियमच्या २०७ चे तसेच २०० धरू. अ‍ॅल्युमिनियमवर साधारण २५ मिनिटं मिळतात, १२ लिटरच्या स्टीलवर ३२, १५ लिटरवर ४३ च्या आसपास.

पंधराच्या बाजूने हे आकडे बोलतात खरे, पण २० मीटरवर साध्या हवेने डीकॉम्प्रेशन थांब्याशिवाय (अंगात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडावा म्हणून वर येताना सक्तीने थांबावं लागतं, त्याशिवाय) राहण्याची मर्यादाही चाळीस-पंचेचाळीस मिनिटांच्या घरात आहे. आणि पाच अंशांच्या पाण्यात पस्तीसाव्या मिनिटाला माझी बोटं बीसीडीचं, म्हणजे तरंगणं सांभाळायला हवा भरायच्या जॅकेटचं, बटण ओळखेनाशी होतात. त्यानंतर सिलिंडरमध्ये हवा आहे म्हणून खाली राहण्यात शहाणपण नाही. गारठलेलं शरीर नायट्रोजनही नीट सोडत नाही. जास्तीची हवा राखीव म्हणून ठेवा, वेळ वाढवायला नको.

भरतानाच्या गरमीबद्दल दोन ओळी. ४० अंशांपर्यंत तापलेला सिलिंडर २३२ दाखवत असेल तर ६ अंशांच्या पाण्यात तो साधारण २०५ पर्यंत येतो. दुकानदाराने फसवलं नाही, हवेचा स्वभावच तो. सिलिंडर आदल्या दिवशी भरून घ्या आणि पाण्यात उतरल्यावर पुन्हा काटा बघा. हिशेब त्या आकड्यावर करायचा.

बाजारात काय मिळतं

ब्रिटनमध्ये नेहमी दिसणारे स्टीलचे सिलिंडर असे: १० लिटर, १२ लिटर, १५ लिटर, सगळे २३२ बारचे. त्याशिवाय १० आणि १२ लिटरचे ३०० बारवाले. आणि दोन सिलिंडर पट्ट्यांनी जोडून केलेला 'ट्विनसेट'.

३०० बारचा आकडा बघून डोळे दिपतात. १२ गुणिले ३०० म्हणजे ३,६०० लिटर, मग पंधरावाल्याचे ३,४८० कमीच की! पण एवढ्या दाबाला हवा आणखी दाबली जायला नकार देते. प्रत्यक्षात ३०० ला भरलेल्या १२ लिटरमध्ये आणि २३२ ला भरलेल्या १५ लिटरमध्ये हवा जवळपास सारखीच असते. १० लिटर-३०० आणि १२ लिटर-२३२ यांचंही तेच. म्हणजे ३०० बारमुळे सिलिंडर आकाराने लहान होतो, एवढाच फायदा. पण सगळ्याच ठिकाणचे कॉम्प्रेसर ३०० पर्यंत भरत नाहीत आणि अर्धवट भरलेला ३०० वाला म्हणजे जाड भिंतींचा जड, छोटा सिलिंडर. तुमच्या जवळचं भरणा केंद्र ३०० ला भरतं का, हे आधी फोन करून विचारा.

उंची हा विषय दुकानात कुणी काढत नाही. १२ लिटरचे दोन प्रकार मिळतात: सडपातळ उंच, व्यास १७१ मिलिमीटर, आणि आखूड ढब्बू, व्यास २०४. १५ लिटर बहुतेक २०४ व्यासाचाच आणि उंच. मी पाच फूट दोन इंच. पंधरा लिटरचा सिलिंडर पाठीवर घेऊन बाकावर बसले की त्याचं बूड बाकाला टेकायचं आणि मान मागे वळवली की व्हॉल्व्ह डोक्यात. पाण्यात पाय खाली जायचे, कारण वजन नितंबांपाशी. वर सरकवला तर डोकं आपटायचं. आखूड बारा घेतला आणि हे सगळं थांबलं. सहा फुटी माणसाला उंच पंधरा छान बसेल. दुसऱ्याचं बघून घेऊ नका, बीसीडीला बांधून, बसून, वाकून बघा. व्यास बदलला की बीसीडीचा पट्टाही नव्याने जुळवावा लागतो, नाहीतर सिलिंडर पाण्यात निसटतो.

वजन, जमिनीवरचं आणि पाण्यातलं

जमिनीवर: भरलेला १२ लिटर अठरा किलोंच्या पुढे, १५ लिटर बावीसच्या आसपास. ट्विनसेट चाळिशीकडे जातो. घरचा भरलेला गॅसचा सिलिंडर तीसच्या आसपास असतो, त्यावरून अंदाज करा. मग त्यात बुडण्यासाठी कमरेला बांधायचं दहा-बारा किलो शिसं आणि ड्रायसूट मिळवा, आणि हे सगळं घेऊन ओल्या, शेवाळलेल्या पायऱ्या चढायच्या आहेत हे लक्षात ठेवा. बोटीवरून डाइव्ह करणार असाल तर शिडीचा विचार करा.

पाण्यात मात्र वेगळं गणित आहे. अ‍ॅल्युमिनियमचा सिलिंडर रिकामा होत आला की तरंगू लागतो, जवळपास दोन किलोंचा उचल देतो. तो दाबून ठेवायला जादा शिसं लागतं. स्टीलचा १२ किंवा १५ रिकामा झाल्यावरही तरंगत नाही, थोडासा बुडताच राहतो. म्हणून अ‍ॅल्युमिनियमवरून स्टीलवर आलात की कमरेचं दोन ते तीन किलो शिसं उतरतं. थंड पाण्यात लोक स्टील वापरतात त्यामागचं मोठं कारण हेच, कारण ड्रायसूटला आधीच भरपूर शिसं लागतं.

बारावरून पंधरावर जाताना मात्र हा फायदा पुन्हा मिळत नाही. रिकामे असताना दोघांचं पाण्यातलं वजन जवळपास सारखंच. फरक सुरुवातीला पडतो: पंधरामधल्या हवेचं वजनच चार किलोंहून थोडं जास्त, बारामधल्या हवेचं तीनच्या पुढे. हवेला वजन नसतं असं आपण समजून चालतो! तेवढ्या जास्त जडपणाने तुम्ही बुडी सुरू करता. बीसीडी तेवढं पेलतो का, हे पुस्तिकेत बघा. ३०० बारवाले जाड भिंतींमुळे रिकामे असतानाही तीन-चार किलोंनी बुडते असतात, त्यामुळे कमरेचं शिसं त्या मानाने कमी होतं. पण सिलिंडर प्रसंगी सोडून देता येत नाही, शिसं देता येतं. सगळं वजन स्टीलमध्ये नेऊ नका, थोडं तरी सोडता येईल असं ठेवा. जाड वेटसूट वापरणाऱ्यांनी तर हे नीट पाहावं, कारण खोलवर तो सूट दबून पातळ होतो आणि त्याचा उचल जातो.

व्हॉल्व्ह आणि दुसरा स्रोत

माझा सगळ्यात महागडा धडा हा. फेब्रुवारीत एका खाणीच्या तळ्यात, बावीस मीटरवर, माझा रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा दाब कमी करून तोंडापर्यंत आणणारं उपकरण, गोठला. सिलिंडरमधली दाबलेली हवा रेग्युलेटरच्या पहिल्या टप्प्यात (सिलिंडरला जोडलेल्या भागात) पसरते तेव्हा ती खूप गार होते. पाणी आधीच गोठणबिंदूजवळ असलं की आतल्या स्प्रिंगभोवती बर्फ धरतो, झडप उघडीच राहते आणि हवा नुसती भसाभस सुटते. मी त्या वेळी दीडशे बारवर होते. जोडीदाराच्या रेग्युलेटरच्या जादा तोंडातून श्वास घेत दोघं वर आलो, तोपर्यंत माझा काटा शून्याला टेकला होता. माझ्या पाठीवर तेव्हा पंधरा लिटरच होता. बारा असता तर एखाद-दीड मिनिट आधी संपला असता, एवढाच फरक.

मोठा सिलिंडर रेग्युलेटर गोठण्यावर उपाय नाही. त्यासाठी तीन गोष्टी लागतात.

एक, थंड पाण्यासाठी बनवलेला, पहिला टप्पा पाण्यापासून बंद असलेला रेग्युलेटर. युरोपीय मानकात १० अंशांखालच्या पाण्यासाठी वेगळी चाचणी असते, खरेदी करताना तीच विचारा. पृष्ठभागावर कडक थंडीत रेग्युलेटरमधून उगाच श्वास घेत उभं राहू नका आणि ड्रायसूट व बीसीडी एकाच वेळी दाबून फुगवू नका. हवेचा झोत जेवढा मोठा तेवढा गारठा जास्त.

दोन, डीआयएन जोड. उष्ण देशांत सहसा वरून चिमट्यासारखा बसणारा जोड असतो. डीआयएनमध्ये रेग्युलेटर व्हॉल्व्हच्या आत फिरवून बसवतात, तो जास्त पक्का. ३०० बारला तोच लागतो.

तीन, दुसरा स्वतंत्र स्रोत. एकतर दोन तोंडांचा व्हॉल्व्ह आणि त्यावर दोन वेगळे रेग्युलेटर, म्हणजे एक गोठला तर तो बंद करून दुसऱ्यावर जाता येतं. किंवा ३ लिटरचा छोटा 'पोनी' सिलिंडर, त्याच्या स्वतःच्या रेग्युलेटरसह. ३ गुणिले २३२ म्हणजे सुमारे ७०० लिटर. वर काढलेल्या हिशेबात ३० मीटरवरून एका माणसाला ४८० लिटर लागतात, म्हणजे पोनी पुरून उरतो. त्याची हवा बुडीच्या वेळेत मात्र कधीही धरायची नाही.

म्हणून नवख्याने विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे: २५ मीटरपर्यंतच्या तळ्यांसाठी १२ लिटर-२३२ आणि ३ लिटरचा पोनी. मिनिटाला २२-२३ लिटरच्या खाली तुमचा आकडा येतच नसेल, अंगापिंडाने मोठे असाल, किंवा ३० मीटरच्या बुड्या नेहमीच्या होणार असतील, तर १५ आणि पोनी. आइसलंडच्या सिल्फ्रामध्ये पाणी बाराही महिने दोन ते चार अंश, पण खोलीची मर्यादा १८ मीटर, तिथे बारा पुरतो. स्कॉटलंडच्या उत्तरेला स्कापा फ्लोची गोष्ट वेगळी. २१ जून १९१९ ला जर्मन आरमाराने तिथे स्वतःचीच जहाजं बुडवली. त्यातली तीन मोठी युद्धनौकांची धुडं आणि चार क्रूझर आजही तळाशी आहेत, बरीचशी ३० ते ४५ मीटरांत. ३५ मीटरवर वरच्याच हिशेबाने बारावर सतरा मिनिटं मिळतात, पंधरावर चोवीस. म्हणून तिथे अनुभवी लोक ट्विनसेट घेऊन जातात. पण तो नवख्याचा विषय नाही, त्याचं वेगळं प्रशिक्षण असतं.

जुना घेत असाल तर

सिलिंडर सेकंडहँड घ्यायला हरकत नाही, मीही घेतले. खांद्यावर कोरलेलं वाचा: आकारमान लिटरमध्ये, रिकामं वजन, कामाचा दाब, चाचणीचा दाब. २३२ च्या सिलिंडरला चाचणीचा दाब ३४८ असतो, ३०० वाल्याला ४५०. मग चाचणीची तारीख. ब्रिटनमध्ये दर पाच वर्षांनी पाण्याच्या दाबाची चाचणी आणि मध्ये अडीच वर्षांनी आतून-बाहेरून तपासणी लागते. तारीख उलटली असेल तर कुणी भरून देणार नाही, त्यामुळे चाचणीचा खर्च किमतीतून वजा करूनच घासाघीस करा.

बुडाचं प्लॅस्टिकचं बूट काढायला सांगा. स्टील गंजतं ते तिथेच, खारं पाणी अडकून. विकणारा कुरकुरला तर दुसरा सिलिंडर बघा. थोडा वरवरचा तांबूसपणा चालतो, खड्डे पडलेले चालत नाहीत.

आणि हौसेने घेतलेला सिलिंडर सुट्टीत कोकणात न्यायचा बेत करू नका. भारतात दाबाखालच्या सिलिंडरना 'पेसो' या केंद्रीय संस्थेची मान्यता लागते. तिचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे, पण मान्यता त्याने काही सोपी होत नाही. मालवणात, गोव्यात तिथलाच अ‍ॅल्युमिनियम घ्या. रेग्युलेटर स्वतःचा न्या हवं तर, फक्त डीआयएन असेल तर जोडणारा अडॅप्टर विसरू नका.

नव्या सिलिंडरची पहिली बुडी

कुठेही खोल जाऊ नका. सहा-सात मीटरवर फिरा, हवा ५० बारपर्यंत येऊ द्या, मग पाच मीटरवर या. बीसीडी पूर्ण रिकामा करा, ड्रायसूटमध्ये फक्त आवळणार नाही एवढीच हवा ठेवा आणि स्थिर थांबून बघा. वर जात असाल तर शिसं कमी पडतंय. दगडासारखे खाली जात असाल तर एकेक किलो काढून जोडीदाराच्या हाती द्या, जागच्या जागी तरंगत राहीपर्यंत. तो आकडा वहीत लिहा, सोबत कोणता सूट, आत किती थर आणि पाणी गोडं की खारं तेही. गोड्या पाण्यात मोजलं असेल तर समुद्रात याहून दोन-तीन किलो जास्त लागतील.